रूपांतरण टिकलं म्हणजे कार्बन साचला नाही, असं नव्हे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही मिथेन आणि कार्बन डायऑक्साइडपासून सिनगॅस, म्हणजे हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइडचं मिश्रण, बनवताय. 10 टक्के निकेल, आधाराला गॅमा अल्युमिना (सच्छिद्र अल्युमिनियम ऑक्साइड), एकूण 200 मिलिग्रॅम उत्प्रेरक. मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड प्रत्येकी मिनिटाला 20 मिलिलिटर, तापमान 700 अंश सेल्सिअस, दाब हवेइतका. मिथेनचं रूपांतरण, म्हणजे आत गेलेल्यातला खपलेला भाग, 80 टक्क्यांच्या आसपास तासन् तास स्थिर, कार्बन डायऑक्साइडचं त्याहून दोनेक टक्के कमी, हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइडचं गुणोत्तर 1 पेक्षा किंचित वर. मग 18व्या तासाला प्रेशर चढलं, रिॲक्टर तुंबला आणि उघडला तर नळीत काळा भुगा. शेवटपर्यंत छान चाललेला उत्प्रेरक तुंबला कसा, आणि आता निकेल सोडून ऱ्होडियम किंवा प्लॅटिनमकडे वळावं का, हे तुम्हाला विचारायचंय.

धातू बदलायचा की नाही हे नंतर बघू. आधी तुमच्याच आकड्यांकडे नीट बघा, कारण उत्तर त्यांच्यात पहिल्या तासापासून होतं.

मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड यांची मुख्य अभिक्रिया एकास एक चालते आणि त्यातून दोन रेणू हायड्रोजन, दोन रेणू कार्बन मोनॉक्साइड मिळतात. तिच्यासोबत एक उपअभिक्रिया हटकून चालते: तयार झालेला थोडा हायड्रोजन कार्बन डायऑक्साइडला खातो आणि पाणी होतं. त्यामुळे कार्बन कुठे अडकत नसेल, तर कार्बन डायऑक्साइडचं रूपांतरण मिथेनपेक्षा जास्त दिसायला हवं आणि हायड्रोजनचं गुणोत्तर 1 च्या खाली. तुमच्याकडे दोन्ही उलटं आहे. मिथेन जास्त खपतोय, हायड्रोजन जास्त निघतोय, म्हणजे काही मिथेन नुसताच फुटतोय, कार्बन मागे टाकून. दोन कार्बन मोनॉक्साइड एकत्र येऊन एक कार्बन डायऑक्साइड परत मिळतो आणि एक कार्बन खाली बसतो, तेव्हाही चित्र याच दिशेला झुकतं. गुणोत्तर 1 च्या वर गेलं की विद्यार्थी खूश होतात, 'हायड्रोजनची निवडकता चांगली' असं लिहितात. मी ते वाचलं की आधी नळीचं वजन विचारतो.

आता हिशेब मांडू. दोन्ही वायू मिळून मिनिटाला 40 मिलिलिटर, म्हणजे साधारण 1.8 मिलिमोल कार्बन, म्हणजे 21 मिलिग्रॅमच्या जरा वर. 18 तासांत तुमच्या 200 मिलिग्रॅम उत्प्रेरकावरून जवळजवळ 23 ग्रॅम कार्बन गेला. त्यातला फक्त 1 टक्का मागे राहिला तर 230 मिलिग्रॅम, उत्प्रेरकाच्या वजनापेक्षा जास्त! आणि दोन रूपांतरणांमधला तुमचा दोन टक्क्यांचा फरक एवढा 1 टक्का तर नुसत्या ऑक्सिजनच्या हिशेबानेच सिद्ध करतो. वर पाणी जितकं झालं असेल तितका कार्बन आणखी. तुम्ही लिहिलंय की कार्बनचा ताळेबंद 98-99 टक्के जुळत होता. जीसीच्या, म्हणजे वायू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राच्या, कॅलिब्रेशनमध्येच एवढी चूक सहज असते. त्यामुळे ताळेबंद जुळला या वाक्याला इथे काही अर्थ नाही. साचलेला कार्बन वजन करूनच मोजावा लागतो, वायूंच्या वजाबाकीतून नाही.

शिवाय या अभिक्रियेत दोन रेणूंचे चार होतात, वायूचं आकारमान वाढतं. फीडमध्ये, म्हणजे आत जाणाऱ्या वायूत, ठरावीक नायट्रोजन सोडून त्याच्या आधाराने हिशेब केला नसेल तर रूपांतरणाचे आकडेसुद्धा तपासून घ्या.

रूपांतरण मात्र स्थिर का राहिलं? त्याला दोन कारणं आहेत आणि दोन्ही फसवी आहेत.

पहिलं कारण साधं. या प्रवाहाला 200 मिलिग्रॅम म्हणजे उत्प्रेरकाची चैन आहे. 700 अंशांना मिळणारं मिथेनचं रूपांतरण समतोलाच्या जवळपास जाऊन टेकलेलं आहे. त्याच्या पलीकडे ते जाऊच शकत नाही. बेडचा, म्हणजे नळीतल्या उत्प्रेरकाच्या थराचा, वरचा पाव भागच सगळं काम उरकत असेल, तर तो मेल्यावर दुसरा पाव काम उचलतो आणि बाहेर जीसीला काही पत्ता लागत नाही. टाकीत पाणी किती उरलंय हे नळाच्या धारेवरून सांगण्यासारखं आहे हे. टाकी जवळपास रिकामी होईपर्यंत धार तशीच असते. टिकाऊपणाची चाचणी समतोलापासून लांब, रूपांतरण 20-30 टक्क्यांवर ठेवूनच करावी. आकडा दिसायला गरीब दिसतो, पण खरा असतो. 'शंभर तास स्थिर' असा दावा दिसला की आधी समतोलाचा आकडा शोधायची सवय लावून घ्या.

दुसरं कारण निकेलच्या स्वभावात आहे, आणि ते जास्त रंजक आहे.

धातूवर मिथेन आला की त्याचे हायड्रोजन एकेक करून सुटतात आणि शेवटी धातूला चिकटलेला एकटा कार्बन अणू उरतो. कार्बन डायऑक्साइडमधून किंवा वाफेतून आलेला ऑक्सिजन त्याला उचलून कार्बन मोनॉक्साइड म्हणून बाहेर काढतो. म्हणजे मिथेनपासून बनणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडचा बराचसा भाग या एकट्या कार्बनच्या अवस्थेतून जातोच. त्याला टाळून सिनगॅस करता येत नाही. प्रश्न फक्त वेगांचा आहे: तो येतो किती लवकर आणि उचलला जातो किती लवकर. उचलणारा जरा मागे पडला की पृष्ठभागावर कार्बनची गर्दी होते, आणि निकेलमध्ये ती गर्दी आत शिरते. निकेल गरम असताना थोडा कार्बन विरघळवून घेतो. कणाच्या एका बाजूला, वायूकडे, कार्बन आत जातो, कणातून किंवा कणाच्या अंगावरून सरकतो आणि दुसऱ्या बाजूला, आधाराकडे, ग्रॅफाइटचे थर होऊन बाहेर पडतो. थर वाढत जातात, कणाला आधारावरून उचलतात आणि खाली धागा तयार होत जातो. निकेलचा कण धाग्याच्या टोकावर बसून वर वर जातो.

म्हणजे त्याचं वायूकडचं तोंड उघडंच राहतं! तो काम करत राहतो, रूपांतरण पडत नाही, आणि खाली धागे वाढून पोकळ जागा भरत जातात. मग प्रेशर चढतं. याच कारणाने तुमचा उत्प्रेरक तुंबण्याच्या क्षणापर्यंत चांगला चालत होता.

हे नुसतं सांगण्यापुरतं नाही. टेरी बेकर यांनी 1970च्या दशकाच्या सुरुवातीला वायू सोडता येईल अशा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हे धागे वाढताना पाहिले. 2004 मध्ये टॉप्सो या उत्प्रेरक बनवणाऱ्या डॅनिश कंपनीतल्या हेल्वेग आणि सहकाऱ्यांनी तेच अणूंच्या पातळीवर दाखवलं: निकेलचा कण लांबट होतो, त्याच्याभोवती थर चढतो, मग तो एकदम आखडून गोल होतो, पुन्हा लांबतो. ग्रॅफाइटचा थर पहिल्यांदा जन्म घेतो तो निकेलच्या सपाट पृष्ठभागावर नाही, तर अणूंच्या पायऱ्यांच्या कडेला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

घरच्या घरी करता येणारी एक तपासणी सांगतो. तो काळा भुगा काचेच्या छोट्या बाटलीत घ्या, बाहेरून चुंबक लावून हळूहळू वर न्या. भुगा काचेला धरून केसाळ सुरवंटासारखा वर चढला, तर धाग्यांच्या टोकाला निकेल बसलेला आहे. खाली नुसती पडून राहणारी बारीक काजळी उरली, तर ती बहुधा निकेलवर झालेली नाही. गरम वायूत किंवा नळीच्या भिंतीवर झालेली आहे. मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा रिॲक्टरची क्वार्ट्झ नळी लांबीने उभी चिरली होती. मला वाटलं, थंड करताना तडा गेला. चुंबकाला चिकटलेलं सगळं वजन केलं तर घातलेल्या उत्प्रेरकाच्या सहापट भरलं. नळी आतून वाढणाऱ्या कार्बनने फोडली होती. औद्योगिक गोळ्यांचंही असंच होतं. धागे गोळीच्या छिद्रांत वाढतात आणि गोळी आतून फुटून तिचा भुगा होतो.

सगळा कार्बन असा धाग्यांचाच असतो असं नाही. तापमान कमी आणि जड हायड्रोकार्बन जास्त असतील तर धातूवर चिकट, राळेसारखा थर पसरतो आणि कण झाकून टाकतो. तेव्हा मात्र रूपांतरण झपाट्याने पडतं, प्रेशर तसंच राहतं. खूप वरच्या तापमानाला, धातूचा संबंध नसताना, हायड्रोकार्बन नुसत्या उष्णतेने फुटून कोक होतो. तीन आजार, तीन वेगळी लक्षणं. तुमचं रूपांतरण टिकलं आणि प्रेशर चढलं, म्हणून मी धाग्यांवर बोट ठेवतो.

पण रिॲक्टर नेमका कुठे तुंबला, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि माझ्या लेखी ते सगळ्यात महत्त्वाचं आहे. मिथेन फुटून कार्बन होणं उष्णता शोषणारं आहे, ते गरम जागी वाढतं. कार्बन मोनॉक्साइडपासून कार्बन होणं उष्णता सोडणारं आहे, ते 700 अंशांच्या खाली, थंड होत जाणाऱ्या भागात जोर धरतं. म्हणून काळं बेडच्या तोंडाशी असेल तर बोट मिथेनकडे. बेडखाली, भट्टीच्या बाहेर पडताना नळी 500-600 अंशांवर येते तिथे असेल, तर दोष कार्बन मोनॉक्साइडचा. आणि नळी किंवा जोड स्टेनलेस स्टीलचा असेल तर उत्प्रेरक निर्दोष असण्याचीही शक्यता आहे. स्टीलमधलं लोह आणि निकेल स्वतःच धागे काढतात, आणि त्या ओघात धातूचीच भुकटी होते. कारखान्यात त्याला मेटल डस्टिंग म्हणतात आणि बॉयलरवाले त्याला फार भितात. रिकाम्या नळीतून तेच वायू, त्याच तापमानाला, एक रात्र सोडा. ही चाचणी कुणी करत नाही, कारण त्यात छापण्यासारखं काही निघत नाही.

समतोलाबद्दल एक गैरसमज दूर करतो. एकास एक मिश्रणाला हवेच्या दाबाला ग्रॅफाइट बनणं उष्मागतिकीनुसार जवळपास 850-900 अंशांपर्यंत शक्य असतं. म्हणजे तुमच्या 700 अंशांना कार्बन होणार हे कागदावर आधीच लिहिलेलं आहे. कुठलाही धातू ते बदलू शकत नाही. चांगला उत्प्रेरक फक्त तो मार्ग इतका हळू करतो की चाचणी संपेपर्यंत दिसत नाही. तरीही धाग्यांना थोडी सूट मिळते. वाकलेल्या थरांचा धागा सपाट ग्रॅफाइटइतका स्थिर नसतो आणि निकेलचा कण जितका लहान तितका धागा बारीक, तितकी त्याची ऊर्जा जास्त. त्यामुळे बारीक कणांवर कार्बन सुरू व्हायला वायू जास्त खराब, म्हणजे कार्बन टाकण्याकडे जास्त झुकलेला, असावा लागतो. टॉप्सोच्याच रोस्त्रुप-निल्सन यांनी हे 1970च्या दशकातच मोजून दाखवलं होतं. नॅनो कणांचा जो डंका पिटला जातो त्याचं मूळ मला तरी इथेच दिसतं.

आता धातूंकडे येऊ.

ऱ्होडियम आणि रुथेनियम खरोखर चांगले आहेत. त्यांच्यात कार्बन जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे धाग्याचा कारखानाच बसत नाही, आणि मिथेन फोडण्यात ते निकेलच्या पुढे आहेत. रोस्त्रुप-निल्सन आणि बाक हान्सेन यांनी 1993 मध्ये निकेल, रुथेनियम, ऱ्होडियम, पॅलॅडियम, इरिडियम, प्लॅटिनम शेजारी शेजारी ठेवून तपासले, तेव्हा हे दोघेच क्रियाशीलता आणि कार्बन या दोन्ही परीक्षांत वर आले. प्लॅटिनमबद्दल मात्र वाङ्मयात भांडण आहे. वेगवेगळ्या गटांचे क्रम जुळत नाहीत, कारण उघड्या अणूंची संख्या मोजण्याच्या पद्धती आणि समतोलाची जवळीक सगळ्यांची सारखी नसते. पॅलॅडियमच्या वाट्याला मी जाणार नाही, त्याच्यावर कार्बन भरपूर होतो. कोबाल्ट, लोह निकेलसारखेच कार्बन विरघळवतात, वर वाफेत किंवा कार्बन डायऑक्साइडमध्ये सहज गंजतात. एकटे घ्यायच्या लायकीचे नाहीत, जोडीदार म्हणून चालतात.

मग ऱ्होडियम घ्यायचं का? संशोधनाचा प्रश्न धातूच्या मूळ क्रियेचा असेल तर जरूर घ्या. उत्प्रेरक बनवण्याचा असेल तर नको. जगात निकेल वर्षाला तीस लाख टनांहून जास्त निघतं, ऱ्होडियम फक्त वीस-तीस टन, तेही प्लॅटिनमच्या खाणीतून सोबत आलेलं. किमतीतला फरक हजारांच्या पटीत आहे. मिलिसेकंदांत मिथेन आणि ऑक्सिजनची अभिक्रिया उरकणाऱ्या छोट्या रिॲक्टरमध्ये ऱ्होडियम शोभतं. हिकमन आणि श्मिट यांनी 1993 मध्ये ते दाखवलं. पण जिथे उत्प्रेरक टनांनी भरायचा असतो तिथे निकेलशिवाय गत्यंतर नाही. रुथेनियम त्यातल्या त्यात स्वस्त, पण हवेत गरम करून कार्बन जाळायला गेलात तर त्याचा ऑक्साइड वायू होऊन उडतो. चांगला धातू साफ करता करता धुराड्यातून जाईल.

उलट निकेललाच सुधारण्याचे मार्ग इतके आहेत की निवड करणं अवघड व्हावं. त्यातले मला पटलेले सांगतो.

सगळ्यात आधी निकेल कमी करा. 10 टक्के भिजवून, सुकवून, भाजून केलेल्या अल्युमिनावर 5 नॅनोमीटरच्या कणांशेजारी 30-40 चे कण बसलेले असतात, आणि धागे काढतात ते मोठे कण. शिवाय निकेलचं टॅमन तापमान, म्हणजे केल्विनमधल्या वितळबिंदूच्या निम्मं, 590 अंश सेल्सिअसच्या आसपास येतं. त्याच्या वर अणू चांगलेच हलू लागतात, कण एकमेकांत मिसळतात. तुम्ही 700 ला आहात. सुरुवातीला लहान असलेले कणही राहणार नाहीत, त्यांना कोणी धरून ठेवल्याशिवाय.

धरून ठेवण्याचं काम मॅग्नेशिया, म्हणजे मॅग्नेशियम ऑक्साइड, फार छान करतं. निकेल ऑक्साइड आणि मॅग्नेशियम ऑक्साइड यांची स्फटिकरचना एकच आहे आणि अणूंमधली अंतरंही जवळजवळ सारखी, त्यामुळे दोघं कुठल्याही प्रमाणात एकमेकांत विरघळतात. अशा घन द्रावणातून हायड्रोजनने सगळा निकेल निघत नाही. थोडाच निघतो आणि पायाशी घट्ट रुतलेला असतो. याची किंमतही आहे: क्षपण, म्हणजे हायड्रोजनने ऑक्साइडचा धातू करणं, 800-850 अंशांना करावं लागतं. माझ्याकडे एक जण 600 ला क्षपण करून 'मॅग्नेशियाचा उत्प्रेरक निष्क्रिय आहे' असा निष्कर्ष घेऊन आला होता. त्यात धातूचा निकेल नावालाच तयार झाला होता. 2020 मध्ये निकेल आणि मॉलिब्डेनमचे कण मॅग्नेशियाच्या स्फटिकांवर ठेवून 850 तास कार्बनशिवाय चालवल्याचं प्रसिद्ध झालं. त्यातली कल्पना मला आवडली: सुरुवातीला कण हलतात, आणि हलता हलता स्फटिकाच्या पायऱ्यांच्या कडांवर जाऊन अडकतात, मग कडाच झाकल्या जातात.

दुसरा मार्ग ऑक्सिजन जवळ आणण्याचा. सिरिया (सेरियम ऑक्साइड) स्वतःतला ऑक्सिजन देतं आणि कार्बन डायऑक्साइडकडून परत भरून घेतं. लँथॅना (लँथॅनम ऑक्साइड) कार्बन डायऑक्साइड शोषून कार्बोनेट होतं आणि कणाच्या काठावरचा कार्बन तिथेच पुसून टाकतं. निकेलमध्ये थोडं लोह मिसळलं तर लोह कार्बन डायऑक्साइडने गंजून ऑक्साइड होतं, तो ऑक्साइड कार्बनने पुन्हा लोह होतो, आणि असं चक्र फिरत राहतं. लोह जास्त झालं की मात्र क्रियाशीलता बसते.

तिसरा मार्ग जुना आणि सगळ्यात हुशार: थोडं विष घालायचं. गंधक निकेलला मारतं हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणूनच वाफेच्या रिफॉर्मरला, म्हणजे मिथेन आणि वाफेपासून सिनगॅस करणाऱ्या भट्टीला, जाणारा गॅस गंधक 0.1 पीपीएमच्या (दहा लाखांत 0.1 भाग) खाली येईपर्यंत साफ करतात. पण ग्रॅफाइटचा थर जन्माला यायला एकमेकांशेजारचे सहा-सात मोकळे निकेल अणू लागतात आणि मिथेनच्या अभिक्रियेला तीन-चार पुरतात, असा अंदाज आहे. पृष्ठभागाचा साधारण 70 टक्क्यांहून जास्त भाग गंधकाने झाकला तर मोठे मोकळे पट्टे उरत नाहीत. अभिक्रिया हळू होते, कार्बन थांबतो. टॉप्सोने 1980च्या दशकात याच तत्त्वावर प्रक्रिया चालवली. सोन्याचंही तसंच: 1998 मध्ये बेसेनबाखर आणि सहकाऱ्यांनी निकेलच्या पृष्ठभागात थोडं सोनं मिसळून कार्बन रोखला. मघाशी पायऱ्यांच्या कडा लक्षात ठेवा म्हटलं होतं, ते याचसाठी. गंधक काय, पोटॅशियम काय, आधी तिथेच जाऊन बसतात. पोटॅशियमचं एक दुखणं असं की ते गरम वाफेत सावकाश उडतं आणि पुढच्या थंड उपकरणांवर जाऊन बसतं.

कारखान्यातले लोक हा सगळा खटाटोप बराचसा वाफेवर ढकलून मोकळे होतात. मिथेनच्या एका कार्बनला वाफेचा एकच रेणू लागतो, पण रिफॉर्मरमध्ये अडीच ते तीन देतात. वरचा भाग मुख्यतः कार्बनपासून संरक्षण म्हणून. ते प्रमाण काही वेळ जरी घसरलं तरी काय होतं ते मी एका ठिकाणी पाहिलंय. वाफेचं मीटर जास्त दाखवत होतं, प्रत्यक्षात वाफ कमी जात होती. तीन आठवड्यांनी भट्टीच्या झरोक्यातून बघितलं तर काही नळ्यांवर वरच्या एक तृतीयांशाच्या आसपास लालभडक पट्टे. त्या भागात मिथेन अजून भरपूर असतो, हायड्रोजन कमी, आणि नळीची भिंत तापत चाललेली. कार्बनला याहून सोयीची जागा नाही. कार्बन बसला की उत्प्रेरक उष्णता खात नाही, त्यामुळे भिंत आणखी तापते, आणखी कार्बन. तिथल्या जुन्या ऑपरेटरने मीटर तपासायला दोन आठवडे आधीच सांगितलं होतं. पट्ट्यांकडे बघत तो काही बोलला नाही, आम्हीही नाही.

तुमच्याकडे वाफ नाही, पण घालता येते. फीडमध्ये थोडी वाफ सोडली तर सिनगॅसचं गुणोत्तरही 1 वरून वर सरकतं, आणि पुढे मिथेनॉल किंवा इंधन करायचं असेल तर ते हवंच असतं. नुसत्या कार्बन डायऑक्साइडवर अडून बसण्यात कारखान्याच्या दृष्टीने फार अर्थ नाही. खरा प्लांट 20-30 बार दाबाला चालतो, हवेच्या दाबाला मिळालेलं कार्बनविरहित वर्तन तिथे टिकेल असं धरून चालू नका.

आता पुढच्या आठवड्यात काय करायचं ते सांगतो. तुंबलेल्या बेडचे वरचा, मधला, खालचा असे तीन भाग वेगळे काढा, एकत्र करू नका. प्रत्येकाचं वजन, मग टीपीओ, म्हणजे ऑक्सिजनमध्ये तापवत नेऊन कार्बन कितीला जळतो ते बघणं. ज्वलनाचं शिखर 400 च्या खाली असेल तर निरुपद्रवी, सहज निघणारा कार्बन. 500-600 च्या आसपास धागे. त्याच्या वर घट्ट ग्रॅफाइट. सीमा काटेकोर नाहीत, निकेल स्वतः ज्वलनाला मदत करतो. टीजीए, म्हणजे तापवता तापवता वजन मोजणं, वापरणार असाल तर वजन आधी वाढताना दिसेल, घाबरू नका. तो निकेल ऑक्साइड होतोय. त्याची दुरुस्ती केली नाही तर कार्बन कमी भरतो. रामन वर्णपटात 1350 आणि 1580 चे दोन पट्टे येतीलच, त्यांच्या गुणोत्तरावर दोन पानं लिहू नका. टीईएमचे (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे) चार चांगले फोटो त्याहून जास्त सांगतील.

साफ करताना थेट हवा सोडू नका. मी एकदा घाईत सोडली होती. दर्शक 600 वर असताना बेडमध्ये पाहता पाहता 130 अंशांची उडी बसली आणि त्या दिवसानंतर तो उत्प्रेरक कधीच पूर्वीसारखा चालला नाही. नायट्रोजनमध्ये 1-2 टक्के ऑक्सिजन, किंवा वाफ, किंवा नुसता कार्बन डायऑक्साइड, आणि वेळ काढायची तयारी.

बंद करण्याबद्दल मात्र एक गोष्ट मी हात जोडून सांगतो. चाचणी संपली की फीड तसंच ठेवून भट्टी बंद करून घरी जाऊ नका. थंड होताना वायू 600 ते 450 अंशांच्या पट्ट्यातून जातो आणि तिथे कार्बन मोनॉक्साइड धडाधड कार्बन टाकतो. तुमचा 18 तासांचा निकाल शेवटच्या अर्ध्या तासाने लिहिलेला असू शकतो. आणखी खाली, 200 अंशांच्या आत, बारीक निकेल आणि कार्बन मोनॉक्साइड यांच्यापासून निकेल कार्बोनिल होतं. त्याचा रंग दिसत नाही आणि अगदी थोडंसं श्वासातून गेलं तरी जीव घेऊ शकतं. 700 ला असतानाच नायट्रोजन लावा, जीसीवर कार्बन मोनॉक्साइड दिसेनासं होईपर्यंत चालू ठेवा, मग भट्टी बंद करा. नळी उघडायची ती धुराड्याखालीच, म्हणजे फ्यूम हूडमध्ये.

यातून पुढे जायचं तर माझ्या मते 3 टक्के निकेल, मॅग्नेशियावर, 850 ला क्षपण, बेडमध्ये 20-30 मिलिग्रॅम उत्प्रेरक, क्वार्ट्झच्या भुकटीत मिसळून, आणि तापमान 750-800. पहिल्या चाचणीत रूपांतरण 25 टक्के आलं म्हणून निराश होऊ नका, 50 तासांनी नळीचं वजन किती वाढलं ते मला कळवा.